रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील दाह कसा दिसतो

पावसाळ्यांत जुन्या घराच्या भिंतीला ओल येते ती प्रथम डोळ्यांना दिसत नाहीं. चुन्याचा गिलावा वरून गुळगुळीत असतो, रंगहि शाबूत असतो. आणि मग एके दिवशीं हातभर पापुद्रा सुटून खालीं पडतो, तेव्हां घरधन्याच्या ध्यानांत येतें कीं आंत कित्येक महिन्यांपासून कांहीं तरी चाललें होतें. आपल्या शरीरांतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाहि असाच एक विकार जडतो. त्याला वैद्यकशास्त्र दाह म्हणतें. शरीराच्या संरक्षक पेशींनीं एखाद्या ठिकाणीं गोळा होऊन चालविलेली लढाई म्हणजे दाह. जखमेभोंवतीं ती व्हावी हें योग्यच. पण कांहीं रोगांत, बाहेरचा शत्रु कोणी नसतांना, ही सेना महाधमनीच्या आणि तिच्या शाखांच्या भिंतींत शिरते आणि घरच्याच खांबांवर कुऱ्हाड चालवूं लागते. ही आंतली धुमस वेळींच कशी ओळखावी, आणि त्या कामीं अणुविज्ञानानें वैद्यांच्या हातीं कोणतें साधन दिलें आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळेंत शास्त्र शिकविलेला मास्तर आहें. तेव्हां विषय मास्तराच्याच रीतीनें मांडणार, आणि फळ्याची उणीव श्रोत्यांनीं आपल्या कल्पनेनें भरून काढावी.

ह्या विकाराचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यास ताकायासुचा रोग म्हणतात. मिकितो ताकायासु हे जपानांतील कानाझावा येथील नेत्रवैद्य. १९०८ सालीं त्यांनीं एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या डोळ्यांच्या आंतल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची एक विलक्षण माळ गुंफली गेलेली त्यांना दिसली. तशाच दुसऱ्या रोग्यांच्या मनगटाची नाडी लागत नाहीं, असें त्यांच्याच दोघां देशबांधव वैद्यांनीं त्या वेळीं सांगितलें. डोळ्याचा आणि मनगटाचा संबंध काय, हें उमगण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं. महाधमनीच्या कमानींतून ज्या शाखा मान आणि हात ह्यांकडे जातात, त्यांच्या भिंती दाहानें जाड होऊन आंतला मार्ग बुजतो. मग वर डोळ्याला रक्त कमी पडतें आणि खालीं मनगटांत नाडी हरपते. हा रोग बहुधा चाळिशीच्या आंतील स्त्रियांना होतो, आणि आशिया खंडांत, आपल्या देशांतहि, तो आढळतो. आमच्याकडे वैद्य आला कीं पहिल्यानें हात पुढें करावयाचा. पण जिची नाडीच बोटांना लागत नाहीं अशी चालती-बोलती तरुणी समोर बसली असतां त्या वैद्यानें काय म्हणावें!

दुसरा प्रकार म्हातारपणाचा. लंडनचे डॉक्टर जोनाथन हचिन्सन ह्यांनीं १८९० सालीं एका वृद्धाची नोंद केली आहे. त्याच्या डोक्यावर लाल रेघा उठल्या होत्या आणि त्या इतक्या दुखत कीं त्याला टोपी घालवेना. पुढें १९३२ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें बेयार्ड हॉर्टन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं अशा रोग्यांच्या कानशिलावरील धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां तिच्या भिंतींत दाह स्पष्ट दिसला. त्या भिंतींत पुष्कळदां अनेक केंद्रें असलेल्या राक्षसी आकाराच्या पेशी सांपडतात. म्हणून रोगाला महापेशी-दाह असें नांव पडलें. पन्नाशीच्या आंत तो जवळजवळ होतच नाहीं. कानशिलें ठणकतात, केंस विंचरतांना डोक्याची कातडी हुळहुळते, घांस चावतां चावतां जबडा थकून जातो. हीं लक्षणें म्हातारपणाच्या खातीं जमा करून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. आणि मग डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त पुरविणारी धमनी बंद होऊन एका-दोन दिवसांत दृष्टि जाते. ती पुन्हा येत नाहीं. निरनिराळ्या देशांतील नोंदी पाहतां अशा शंभर रोग्यांपैकीं दहा ते वीस जणांची दृष्टि कमीअधिक प्रमाणांत कायमची गेलेली दिसते. औषध मात्र आहे. १९४८ सालीं त्याच मेयो क्लिनिकमध्यें संधिवाताच्या रोग्यास प्रथम कॉर्टिझोन देण्यांत आलें. त्या जातीचीं, ज्यांना आपण स्टेरॉइड म्हणतों तीं औषधें ह्या दाहावर फार लवकर लागू पडतात. तेव्हां सारा प्रश्न वेळेवर ओळखण्याचा आहे.

ओळखण्याच्या जुन्या साधनांची अडचण अशी. रक्ताची तपासणी शरीरांत कोठें तरी दाह आहे एवढें सांगते. कोठें, तें सांगत नाहीं. धमनींत औषध सोडून घेतलेलें क्ष-किरण चित्र रक्ताचा प्रवाह दाखवितें, म्हणजे नदीचें पाणी दाखवितें. कांठ आंतून पोखरला जात आहे कीं नाहीं, हें पाण्याची धार अरुंद झाल्याखेरीज त्यांत दिसत नाहीं. कानशिलावरील धमनीचा तुकडा काढतां येतो. परंतु हा दाह सलग नसून मधूनमधून पसरलेला असतो, आणि नेमका निरोगी तुकडा हातीं आला तर निकाल फसवा मिळतो. आणि छातींतील महाधमनीचा तुकडा जिवंत माणसापासून कोण कापून घेणार?

येथें अणुविज्ञान मदतीस येतें. त्याची मूळ कल्पना जॉर्ज द हेवेशी ह्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. ते तरुणपणीं मँचेस्टर येथें रदरफोर्डच्या प्रयोगशाळेंत असतांना एका खाणावळींत जेवत. रविवारचें उरलेलें मांस घरधनीण आठवडाभर निरनिराळ्या रूपांनीं वाढते असा त्यांना संशय आला. म्हणून त्यांनीं ताटांत उरलेल्या अन्नांत कणभर किरणोत्सर्गी द्रव्य गुपचूप मिसळलें, आणि कांहीं दिवसांनीं आलेल्या पदार्थाशेजारीं विद्युद्दर्शक धरला. चोरी उघडकीस आली, असें सांगतात. गोष्ट गमतीची, पण तिच्यांत सारें शास्त्र आहे. किरणोत्सर्गी अणु आपल्या भावंडांबरोबर सगळीकडे हिंडतो आणि जेथें जाईल तेथून आपला पत्ता आपण होऊन कळवितो. १९२३ सालीं हेवेशींनीं हीच युक्ति घेवड्याच्या जातीच्या रोपांवर करून मुळांतून शिशाचे अणु वर कसे चढतात तें दाखविलें, आणि ह्या शोधाबद्दल त्यांना १९४३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां दाहाच्या जागीं कोणता हेर पाठवावयाचा? दाहांत गोळा झालेल्या पेशी, विशेषतः भक्षक पेशी, लढणाऱ्या शिपायांप्रमाणें भुकेल्या असतात आणि रक्तांतील साखर, म्हणजे ग्लूकोज, अधाशीपणें ओढून घेतात. तेव्हां साखरेलाच हेर करावयाचें. ग्लूकोजच्या रेणूंतील दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बन अणूवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन ह्यांची एक जोडी असते. ती काढून तिच्या जागीं किरणोत्सर्गी फ्लोरिनचा एक अणु बसवितात. ही बनावट साखर पेशीच्या दारावरील पहारेकऱ्याला ओळखूं येत नाहीं. तो तिला आंत घेतो. पुढचा प्रकार आमच्या कचेऱ्यांतील कागदासारखा होतो. आंत येतांच पहिला कारकून तिच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतो. शिक्का मारलेला माल पुन्हा दाराबाहेर जाऊं शकत नाहीं. दुसऱ्या कारकुनाकडे तो कागद जातो, तर तो म्हणतो, हा नमुना आमच्याकडचा नव्हे, ह्यावर काम होणार नाहीं. म्हणून माल पुढेंहि सरकत नाहीं आणि मागेंहि फिरत नाहीं. टेबलाखालीं सांचत राहतो. जी पेशी अधिक भुकेली, तिच्यापाशीं सांचा अधिक. कचेरीच्या दिरंगाईचा उपयोग होणारें एवढें एकच ठिकाण माझ्या पाहण्यांत आहे.

सांचलेला माल बाहेरून दिसतो तो असा. ह्या फ्लोरिनचा अणु फुटतांना पॉझिट्रॉन नांवाचा कण बाहेर टाकतो. तो इलेक्ट्रॉनच्याच वजनाचा पण उलट विद्युद्भाराचा असतो. कार्ल अँडरसन ह्यांना तो १९३२ सालीं विश्वकिरणांत सांपडला. शरीरांत तो मिलिमीटरभरहि धड चालत नाहीं तोंच त्याला एखादा इलेक्ट्रॉन भेटतो, आणि जमाखर्च तंतोतंत जुळून खातें बंद व्हावें त्याप्रमाणें दोघेहि नाहींसे होतात. मागें राहतात दोन गॅमा किरण, आणि ते जवळजवळ अगदीं विरुद्ध दिशांना धांवतात. रोग्याभोंवतीं किरणशोधकांचें कडें असतें. समोरासमोरच्या दोन शोधकांना एकाच क्षणीं किरण लागले, कीं घटना त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कोठें तरी घडली असें ठरतें. अशा असंख्य रेषा गणकयंत्र एकमेकींवर मांडतें आणि जेथें त्यांची गर्दी होते तेथें उजळ ठिपका उमटतो. ह्या पद्धतीच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें घेऊन तिला पेट असें म्हणतात. आग लागली म्हणजे वस्तूनें पेट घेतला असें आपण मराठींत म्हणतों. अर्थाची ही जुळणी केवळ योगायोगाची आहे, पण लक्षांत ठेवण्यास सोयीची आहे.

ह्या फ्लोरिनचें आयुष्य फार थोडें. दर ११० मिनिटांनीं तो निम्मा होतो. सकाळीं सातला तयार केलेलें औषध संध्याकाळीं सहाला सहा वेळां निम्में होऊन चौसष्टावा हिस्सा उरतें. तेव्हां तें कपाटांत सांठवून ठेवतां येत नाहीं, सायक्लोट्रॉन यंत्रांत रोजचें रोज बनवावें लागतें. माणसाला ही साखर प्रथम ऑगस्ट १९७६ मध्यें देण्यांत आली. अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेंत तात्सुओ इदो ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञानें ती बनविली. विमानानें ती फिलाडेल्फियास नेली आणि तेथें दोघां स्वयंसेवकांना टोंचली. वाटेंतच माल आटत होता! त्या वेळीं हेतु मेंदूचें काम पाहण्याचा होता. रक्तवाहिन्यांचा विचार कोणाच्या मनांत नव्हता. पुढें ही तपासणी मुख्यतः कर्करोगासाठीं रूढ झाली, आणि आजहि तिचा मोठा उपयोग तोच आहे. आपल्या देशांत पहिलें वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईस, परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें, २००२ सालीं सुरू झालें. आतां मोठ्या शहरांतून ही सोय अनेक ठिकाणीं आहे.

रक्तवाहिन्यांचा दाह अशा रीतीनें शोधण्यांत बेल्जममधील ल्युव्हें येथील डॉक्टर डॅनिएल ब्लॉकमन्स ह्यांचें काम अग्रभागीं आहे. महापेशी-दाहाच्या ३५ रोग्यांची त्यांनीं औषधापूर्वीं तपासणी केली आणि २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३५ पैकीं २९ जणांच्या मोठ्या रक्तवाहिन्यांनीं साखर ओढलेली दिसली. हंसळीखालील धमन्यांत तर शंभरीं ७४ प्रमाणांत, आणि महाधमनींतहि निम्म्याहून अधिकांत. म्हणजे ज्या रोगाला वैद्य इतकीं वर्षें कानशिलाचा समजत होते, तो पुष्कळांच्या छातींत ठाण मांडून बसला होता. ही गोष्ट नुसत्या ज्ञानाची नव्हे. महाधमनीची भिंत अशी खिळखिळी झाली तर कांहीं वर्षांनीं ती फुग्यासारखी फुगते, आणि तो फुगा फुटला तर प्राणावर बेततें.

चित्र वाचण्याची रीत सोपी आहे. रोग्याला निदान सहा तास उपाशी ठेवतात, कारण पोटभर जेवलेल्या माणसाच्या रक्तांत खरी साखर इतकी असते कीं बनावटीला वावच राहत नाहीं. मधुमेही रोग्याची ह्याच कारणानें विशेष काळजी घ्यावी लागते. टोंचल्यावर तासभर किंवा थोडें अधिक शांत पडून राहावें लागतें. हालचाल केली तर स्नायूच साखर खाऊन टाकतात. मग चित्र घेतात आणि धमनीच्या भिंतीची चमक यकृताच्या चमकेशीं ताडून पाहतात. चमक मुळींच नसल्यास शून्य, यकृताहून कमी तर १, बरोबरीची तर २, अधिक तर ३. यकृत हें येथें वर्गांतल्या त्या मध्यम विद्यार्थ्यासारखें आहे, ज्याच्यावरून बाकीच्यांचे गुण ठरवावे.

तरीहि ह्या डोळ्याच्या मर्यादा आहेत. महाधमनीची भिंत सुमारें दोन मिलिमीटर जाड, आणि पेट यंत्राची नजर चार-पांच मिलिमीटरांहून बारीक वस्तु वेगळी काढूं शकत नाहीं. म्हणजे भिंत म्हणून त्याला दिसत नाहीं. दिसतो तो फक्त उजेड. रात्रीं दूरच्या गांवांतील दिव्याची वात दिसत नाहीं, पण दिवा लागला आहे हें कळतें, तसें. कोणत्या घरांतला दिवा, हें ठरविण्यासाठीं त्याच्या जोडीला क्ष-किरणांचें सीटी यंत्र बसवितात. असें पहिलें जोडयंत्र १९९८ सालीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें चालूं झालें. कानशिलावरील बारीक धमनी जुन्या यंत्रांना दिसतच नसे, कारण तिच्या शेजारीं मेंदू आहे आणि मेंदूइतका साखरेचा भोक्ता दुसरा अवयव नाहीं; त्याच्या झगमगाटांत ती बुडून जाई. नवीं यंत्रें ती ओळखूं लागलीं आहेत. तरी डोक्यावरील धमन्यांसाठीं ध्वनिलहरींची साधी तपासणी, म्हणजे सोनोग्राफी, हीच युरोपांतील संधिवाततज्ज्ञांच्या संघानें पहिली मानली आहे, आणि माझ्या अल्पबुद्धीस तें पटतें. जें काम स्वस्त साधनानें होतें त्याला महाग साधन कशाला?

आतां सर्वांत नाजूक भाग. ज्या स्टेरॉइडनें रोगी वांचतो, तेंच ही खूण पुसून टाकतें. डेन्मार्कमध्यें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, ज्यांचा दाह पहिल्या चित्रांत निश्चित दिसला होता अशा २४ रोग्यांना औषध सुरू करून पुन्हा तपासलें. तीन दिवसांनीं ज्यांना तपासलें त्या दहांपैकीं दहांचा दाह ओळखतां आला. दहा दिवसांनीं ज्यांना तपासलें त्या १४ पैकीं केवळ पांचांचा. म्हणून औषध सुरू केल्यापासून ७२ तासांच्या आंत चित्र घ्यावें असा संकेत आहे. पण ह्याचा अर्थ, चित्र होईपर्यंत औषध अडवून धरावें, असा कोणी घेऊं नये. चित्राची तारीख आठ दिवसांनीं मिळत असेल, आणि रोग्याच्या डोळ्यांपुढें अंधारी येत असेल, तर शहाणा वैद्य त्याच दिवशीं औषध देतो. गेलेला पुरावा दुसऱ्या मार्गानें थोडाबहुत मिळवितां येतो. गेलेली दृष्टि मिळवितां येत नाहीं.

दुसरा पेंच उपचारानंतरचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील पीटर ग्रेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं दाखविलें कीं लक्षणें संपूर्ण शमलेल्या रोग्यांच्या चित्रांपैकींहि शंभरीं ५८ चित्रांत दाह चालूच आहे असें दिसतें. माणूस हिंडतो-फिरतो, रक्त चांगलें, आणि भिंत मात्र उजळलेली! ती अजून जळते आहे, कीं भरून येणाऱ्या जखमेचीच ती ऊब आहे? नुसती साखर हें सांगूं शकत नाहीं, कारण डागडुजी करणारा गवंडीहि जेवतोच. चमक फार असलेल्यांत रोग पुढें उलटण्याचें प्रमाण अधिक, एवढें त्या संशोधकांना आढळलें. परंतु केवळ चित्र उजळ म्हणून म्हाताऱ्या माणसास स्टेरॉइड वाढवीत जाणें हेंहि धोक्याचें. त्यानें हाडें ठिसूळ होतात, साखर चढते, इतर रोगांना दार उघडतें. चित्राला औषध द्यावयाचें नसतें, माणसाला द्यावयाचें असतें, हें येथें वैद्याला पदोपदीं आठवावें लागतें.

किरणोत्सर्गाची भीति पुष्कळांना वाटते, म्हणून दोन शब्द. टोंचलेल्या साखरेपासून शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग हा जमीन, हवा आणि आकाश ह्यांपासून आपणां सर्वांना दोन-तीन वर्षांत मिळणाऱ्या किरणोत्सर्गाइतका असतो. सीटीचा भाग निराळा. एकदां कारणपरत्वें करण्यास हरकत नाहीं; पण ताकायासुच्या रोगांतील तरुण मुलीची तपासणी दर तीन महिन्यांनीं करीत बसणें बरें नव्हे. तेथें चुंबकीय चित्रण अधिक इष्ट मानतात.

हृदयविकाराच्या बाबतींतहि हें साधन लावून पाहण्यांत आलें. धमनींत मेदाचे थर सांचतात तेव्हां त्यांतहि दाह असतो, आणि दाह असलेला थरच फुटण्याची भीति असते. केंब्रिजच्या जेम्स रड ह्यांनीं २००२ सालीं मानेच्या धमन्यांतील थर आठ रोग्यांत तपासले, तेव्हां ज्या बाजूच्या थरामुळें मेंदूला इजा झाली होती त्या बाजूस साखर २७ टक्क्यांनीं अधिक सांचलेली आढळली. पण हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत ही युक्ति अडखळते. कारण हृदयाचा स्नायूच साखर खातो आणि त्याच्या उजेडांत धमन्या हरवतात. तेथें आतां दुसरा हेर पाठवूं लागले आहेत. भक्षक पेशींच्या अंगावर सोमॅटोस्टॅटिन नांवाच्या संप्रेरकाला धरणाऱ्या मुठी असतात. त्या मुठींत बसणारें डोटाटेट नांवाचें द्रव्य किरणोत्सर्गी गॅलियमला जोडून टोंचतात. हृदयाच्या स्नायूला त्याची गोडी नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्याच अभ्यासांत ४२ पैकीं २७ रोग्यांचीं हृदयधमन्यांचीं साखरेचीं चित्रें वाचतां आलीं नाहींत. गॅलियमचीं सर्वांचीं वाचतां आलीं. हा उपयोग अजून संशोधनापुरताच आहे. ह्या गॅलियमचा अणुभारांक ६८, आणि तो निम्मा होण्याचा काळहि सुमारें ६८ मिनिटें, म्हणून विद्यार्थ्यांना पाठ करण्यास सोपा! त्याला सायक्लोट्रॉन शेजारीं असण्याचीहि गरज नाहीं. जर्मेनियम भरलेली एक लहानशी नळी प्रयोगशाळेंत ठेवतात. तींत गॅलियम आपोआप तयार होत राहतो, आणि दिवसांतून दोन-तीन वेळां तो काढून घेतात. तेथील लोक ह्या क्रियेला धार काढणें असेंच म्हणतात, आणि ही गाय नऊ महिने ते वर्षभर दूध देते.